पहिलं रीडिंग कोणत्या तारखेचं?

जानेवारी उजाडला की विभागातल्या मुलांचं एक वाक्य ठरलेलं असतं : ‘मॅडम, सगळं झालंय, फक्त अ‍ॅनालिसिस राहिलंय.’ एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या प्रकल्पांना मार्गदर्शन करताना आणि दुसऱ्या महाविद्यालयांत बहिर्गत परीक्षक म्हणून जाताना हे मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता माझा पुढचा प्रश्नही ठरून गेलाय. पहिलं रीडिंग कोणत्या तारखेचं आहे? वही दाखव. त्या तारखेवरून त्या प्रकल्पाचं पुढे काय होणार याचा मला बराच अंदाज येतो. गुणपत्रिकेवरून येत नाही आणि विषयाच्या भारदस्त नावावरून तर मुळीच येत नाही.

हा अंदाज आता पुष्कळ घरांच्या कामाचा आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे पदव्युत्तरच्या दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प आला आहे, तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ क्रेडिटचा. पदवीच्या मुलांना फील्ड प्रोजेक्ट आहे. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत. ही अट वाचून पालकांचा आणि मुलांचाही समज होतो, की हुशार मुलाचा प्रकल्प आपोआप चांगला होतो. एका व्हायवाला मी जे पाहिलं, ते या समजाच्या अगदी उलट होतं.

दोघांचा गट होता आणि दोघंही वर्गात पहिल्या पाचांतले. विषय तालुक्यातल्या भूजलाची गुणवत्ता. सिनॉप्सिस इतकी देखणी, की मी ती कौतुकाने दोनदा वाचली. विहिरी आणि बोअरचे नमुने पावसाळ्याआधी आणि नंतर घ्यायचे, त्यांत कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड आणि जड धातू मोजायचे, सगळं नकाशावर दाखवायचं. ब्लॅक बुक, म्हणजे प्रकल्पाचा बांधीव अहवाल, जाडजूड, बाइंडिंग सुरेख, पीपीटीमध्ये रंगीत नकाशे. पण विषय मिळाला ऑगस्टमध्ये. पावसाळ्यापूर्वीचा नमुना मेमध्ये घ्यावा लागतो. म्हणजे अर्धा प्रकल्प कागदावर आला त्या दिवशीच हातातून गेला होता आणि हे कुणी कुणाला सांगितलंच नव्हतं. उरलेले नमुने दिवाळीच्या सुट्टीत गोळा केले, बिसलेरीच्या रिकाम्या बाटल्यांत. धातू मोजायचं उपकरण महाविद्यालयात नव्हतं. बाहेरच्या प्रयोगशाळेत नंबर लागेपर्यंत त्या बाटल्या फडताळात उभ्या होत्या.

मी विचारलं, ‘नमुना भरला तेव्हा नायट्रिक आम्ल घातलं होतं का?’

मुलगी गप्प राहिली. मुलगा म्हणाला, ‘लॅबवाल्यांनी घातलं असेल.’

धातूंसाठीचा नमुना भरतानाच आम्ल घालून त्याचा पीएच २ च्या खाली आणावा लागतो, नाहीतर धातू बाटलीच्या आतल्या बाजूला चिकटून राहतात आणि पाण्यात कमी दिसतात. नायट्रेटचा नमुना थंड ठेवून दोन दिवसांत तपासायचा असतो. त्यांनी तो कित्येक आठवड्यांनी तपासला होता. समोरचे सगळे तक्ते नेटके होते आणि त्यातला धातूंचा व नायट्रेटचा एकही आकडा त्या विहिरींबद्दल काही सांगत नव्हता. वर्षभर मेहनत केलेली ती मुलं माझ्यासमोर उभी होती आणि ती मेहनत नेमकी कुठे वाया गेली हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळत होतं. मला त्याचं फार वाईट वाटलं. हे त्यांना ऑगस्टमध्ये कळू शकलं असतं. एकच बाटली भरून, एकच नमुना शेवटच्या तक्त्यापर्यंत नेला असता तरी कळलं असतं.

म्हणून माझ्याकडच्या मुलांना आता पहिल्या पंधरवड्यात वाचन, संदर्भ, प्रस्तावना यांतलं काहीही नसतं. एकच नमुना असतो. आपल्या घरचं नाहीतर शेजारच्या बोअरचं पाणी आणायचं, तपासायचं, आकडेमोड करायची, तक्ता करायचा, त्यावर पाच ओळी लिहायच्या आणि मला आणून द्यायच्या. अख्खा प्रकल्प लहान आकारात एकदा पार पाडायचा. त्यात जे जे अडतं ते पुढे शंभरपटीने अडणार असतं.

एका मुलीने अशी सुरुवात पाण्याच्या कठीणपणापासून केली. ५० मिलीलिटर पाणी, अमोनिया बफर, एरिओक्रोम ब्लॅक टीची चिमूट आणि ब्युरेटमध्ये ०.०१ मोलर ईडीटीए. पाणी लालसर वाइनच्या रंगाचं होतं आणि थेंब थेंब पडताना शेवटी स्वच्छ निळं व्हायला हवं. तिचं पहिलं रीडिंग आलं २९, दुसरं ३१.५, तिसरं ३०.२. या पद्धतीत एका मिलीलिटरचा फरक म्हणजे लिटरमागे २० मिलिग्रॅमचा फरक. २९ म्हणजे ५८० आणि ३१.५ म्हणजे ६३०. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दुसरा स्रोत नसेल तर कठीणपणाची कमाल मर्यादा ६०० आहे. म्हणजे एकच पाणी पहिल्या रीडिंगला पिण्याजोगं आणि दुसऱ्याला मर्यादेबाहेर. ती रडवेली झाली. मी मात्र खूश झाले, कारण हे सप्टेंबरच्या आधी घडत होतं.

आम्ही दोघी टेबलाशी उभ्या राहून शोधत गेलो. बफरच्या बाटलीचं बूच सैल होतं. अमोनिया उडून गेला होता, त्यामुळे पीएच १० ला टिकत नव्हता आणि रंग जांभळ्यावर रेंगाळत होता. कधी ती जांभळ्यालाच थांबत होती, कधी निळ्याच्याही पुढे जात होती. ताजं बफर केलं, फ्लास्कखाली पांढरी टाइल ठेवली, शेवटचे थेंब सावकाश सोडले. रीडिंग ०.१ च्या आत जुळायला लागली. तिचा विषय साधा होता, अकरा विहिरींचा कठीणपणा. पण तिच्या प्रत्येक आकड्यावर ती ठाम उभी राहू शकत होती आणि व्हायवात तिला हलवणं परीक्षकाला जमलं नाही.

प्रकल्प कधी संपेल हे विद्यार्थ्याला विचारू नये, असं माझं ठाम मत झालंय. तो खोटं बोलतो म्हणून नव्हे. मनापासून विचार करूनही माणसाला हे सांगता येत नाही. रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. मानसशास्त्राच्या ऑनर्सच्या विद्यार्थ्यांना त्यांनी विचारलं, तुमचा प्रबंध किती दिवसांत होईल? सरासरी उत्तर आलं सुमारे ३४ दिवस. सगळंच्या सगळं बिनसलं तर? सुमारे ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी साडेपंचावन्न. स्वतःच्या सर्वात वाईट अंदाजापेक्षाही जास्त. मी हे आकडे दरवर्षी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिते.

आणि हे फक्त विद्यार्थ्यांचं दुखणं नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन यांनी स्वतःचीच हकिकत लिहून ठेवली आहे. इस्रायलमध्ये ते एका पाठ्यपुस्तकाच्या गटात होते. गटातल्या सगळ्यांचे अंदाज दीड ते अडीच वर्षांच्या दरम्यान पडले. मग गटातल्याच एका अनुभवी शिक्षणतज्ज्ञाला विचारलं, की अशा इतर गटांना किती काळ लागला? त्याने आठवून सांगितलं, सात ते दहा वर्षं, आणि सुमारे ४० टक्के गटांचं काम कधी पूर्णच झालं नाही. त्याच माणसाने काही मिनिटांपूर्वी स्वतःच्या गटासाठी इतरांसारखाच आशावादी आकडा दिला होता. ते पुस्तक पूर्ण व्हायला आठ वर्षं लागली. आम्हा गाइड मंडळींचं नेमकं असंच होतं. मागच्या दहा वर्षांची माहिती डोक्यात असते, पण समोरचा मुलगा चुणचुणीत दिसला की ती बाजूला पडते.

म्हणून विभागातल्या कपाटातली जुनी ब्लॅक बुकं काढा. आपल्यासारख्याच विषयाच्या तीन-चार सीनियरना फोन करा आणि थेट विचारा : विषय कधी मिळाला, केमिकल कधी हातात आलं, पहिलं धड रीडिंग कधी, शेवटचं कधी? त्यांना जितका वेळ लागला तितका आपल्याला लागणार असं धरून चाला. आपण त्यांच्यापेक्षा हुशार आहोत ही गोष्ट या हिशेबात धरू नका.

केमिकलचं तर वेगळं सांगायला हवं. मागणीची यादी, कोटेशन, खरेदी समितीची बैठक, ऑर्डर, मग माल. यात सहज दीड-दोन महिने जातात आणि मार्चअखेर जवळ आली की सगळंच ठप्प होतं. पहिल्या आठवड्यात यादी गेली नाही, तर तो प्रकल्प उशिराच सुरू होणार.

आणखी एक गोष्ट कुठल्याही सिनॉप्सिसमध्ये नसते आणि तालुक्याच्या गावात ती सगळ्यात आधी बघावी लागते : शेवटची एसटी. आमच्या कितीतरी मुली खेड्यांवरून येतात. पाचची गाडी चुकली तर घरी जायची सोय नाही. अशा मुलीला सहा-सहा तास रिफ्लक्स लागणारं सिंथेसिस देणं म्हणजे तिचा प्रकल्प रोज अर्ध्यावर सोडायला लावणं. ती आळशी ठरते, उशिरा आलेली ठरते आणि खरं कारण कुणी विचारत नाही. विषय देताना मी आधी गाडीची वेळ विचारते, घरी शेतीचं काम कधी असतं ते विचारते, मग एनएसएसचं शिबिर, गॅदरिंग, परीक्षा हे सगळं कॅलेंडरवर मांडून बघते. शिल्लक दिवस पाहून मुलं स्वतःच विषय लहान करतात. मला काही बोलावं लागत नाही.

आठवड्याला पंधरा मिनिटांची भेट मी केबिनमध्ये घेत नाही, टेबलाशी उभी राहून घेते. ‘कसं चाललंय?’ या प्रश्नाला ‘चाललंय’ हेच उत्तर मिळतं. ‘या आठवड्यात काय बिघडलं?’ असं विचारलं की मुलं मोकळी होतात. ज्याच्या वहीत खाडाखोड आहे, तारखा आहेत, ‘इंडिकेटर जुना, परत करणे’ अशी नोंद आहे, त्याची मला काळजी नसते. ज्याची वही स्वच्छ आहे त्याच्याकडे मी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाते. दोघांच्या गटात ‘तू प्रॅक्टिकल कर, मी टायपिंग करतो’ अशी वाटणी झाली असेल तर ती तिथेच मोडायची. टायपिंग करणाऱ्याला बाटलीत आम्ल घातलं होतं का हे कधीच माहीत नसतं. आणि वाईट बातमी घेऊन येणाऱ्या मुलावर ओरडायचं नाही, कितीही उशीर झालेला असो. एकदा ओरडलं की पुढची वाईट बातमी थेट व्हायवात कळते.

उशिराची खरी किंमत मार्कांत नसते, म्हणून हे सगळं मी इतक्या कळकळीने लिहितेय. एप्रिलमध्ये हातात आकडे नसलेला मुलगा आकडे तयार करतो. परीक्षकाला ते दिसतं. ब्युरेटवर ०.१ मिलीलिटरच्या रेघा असतात. चाळीस नमुन्यांची प्रत्येकी तीन रीडिंग, सगळी तंतोतंत सारखी, असं माणसाच्या हाताने होत नाही. शेवटचा अंक सतत ० किंवा ५ असेल तरी शंका येते. साहित्यचोरीच्या सॉफ्टवेअरला यातलं काही सापडत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. त्यामुळे साम्याचा अहवाल बरोबर जोडला की मुलांना वाटतं सगळं निर्धोक झालं. पण शब्द स्वतःचे आणि आकडे बनावट अशा प्रबंधात ते साम्य शून्य येऊ शकतं. एकदा हे पचलं की ती सवय नोकरीत जाते. यातली काही मुलं पुढे औषध कंपन्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये बसतात, त्यांच्या सहीने गोळ्यांची बॅच बाजारात जाते.

अपेक्षित उत्तर आलं नाही म्हणजे प्रकल्प फसला, हा गैरसमजही असे बनावट आकडे तयार करायला हातभार लावतो. विहिरींत नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेत सापडलं, तर ती गावासाठी चांगली बातमी आहे आणि प्रकल्पासाठी पुरेसा निष्कर्षही आहे. मात्र नमुने नीट घेतले होते हे दाखवता आलं पाहिजे.

हे वाचताना तुमचा फेब्रुवारी संपत आला असेल आणि हातात काहीच नसेल, तरी पुष्कळ करता येतं. घटक चार असतील तर एक ठेवा, जो तुमच्याच प्रयोगशाळेत तुमच्याच हाताने मोजता येतो. चाळीस विहिरींऐवजी एसटीच्या एकाच मार्गावरच्या आठ-दहा घ्या. प्रत्येक नमुन्याची तीन रीडिंग घ्या आणि न जुळलेलं रीडिंगही वहीत राहू द्या. जे गाळलं ते का गाळलं, हे एका परिच्छेदात सरळ लिहा. परीक्षक म्हणून सांगते, तो परिच्छेद मी सगळ्यात आधी वाचते. शीर्षकही त्याप्रमाणे लहान करावं लागेल. त्याला गाइडची आणि विभागप्रमुखांची सही लागते, तेव्हा तो अर्ज याच आठवड्यात द्या.