चमकलं म्हणून लगेच भुलू नकोस

अगं, प्रोटोकॉल पाठ कशाला करून राहिली? कोणती पायरी कशासाठी, तेवढं धर. बाकी आपोआप लक्षात राहतं.

पेशीतलं एकच प्रोटीन कुठे आहे, ते आपल्याला बघायचंय. म्हणून आधी 4 टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडने पेशी जिथल्या तिथे पक्की करायची. अँटीबॉडी आत शिरावी म्हणून ट्रायटॉनने पटल सच्छिद्र करायचं. ती भलत्याच जागी चिकटू नये म्हणून बीएसएने ब्लॉकिंग. मग उंदराची प्रायमरी अँटीबॉडी त्या प्रोटीनला धरते, आणि बकरीकडून मिळवलेली सेकंडरी त्या प्रायमरीला. एफआयटीसी असतं सेकंडरीवर. एकेका प्रायमरीवर अनेक सेकंडरी बसतात, म्हणून उजेड वाढतो. एफआयटीसी 495 नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतं आणि 519 च्या आसपासचा हिरवा सोडतं. डायक्रोइक आरसा निळा प्रकाश स्लाइडकडे वळवतो, हिरवा तुझ्या डोळ्यापर्यंत येऊ देतो.

आता खरी गोष्ट ऐक. आपल्या लकडगंजातल्या एखाद्या वखारीतून लाकडाचा तुकडा आण, पातळ काप घे आणि अतिनील प्रकाशात बघ. अँटीबॉडीचा थेंबही न घालता निळसर चमकेल, कारण लिग्निन मुळातच चमकतं. 1941 मध्ये अल्बर्ट कून्स यांनी अँटीबॉडीला पहिल्यांदा चमकणारा रंग जोडला, तोही निळाच निघाला. ऊतींची स्वतःची चमकही निळसर, त्यामुळे ओळखू येईना. म्हणून ते हिरव्या फ्लुओरेसीनकडे वळले.

तेव्हा प्रायमरी न घातलेली एक स्लाइड प्रत्येक वेळी ठेवायचीच. दोन्हींचे फोटो एकाच एक्सपोजरला काढ. रिकामीचा एक्सपोजर वाढवलास तर तीही चमकेल, मग तुलना कसली? आणि स्लाइड अंधारात ठेव, रंग प्रकाशाने उडतो.

हे फक्त प्रॅक्टिकलपुरतं नाही हं. ल्युपसचा संशय आला की डॉक्टर एएनए तपासणी लिहून देतात, ती याच पद्धतीने होते. स्लाइडवर हेप-2 पेशी, त्यावर रुग्णाचं पातळ केलेलं सीरम, आणि वरून माणसाच्या अँटीबॉडीला धरणारी रंगीत सेकंडरी. तिथेही निगेटिव्ह सीरमची जोड लागतेच. शिवाय धडधाकट माणसाचीही एएनए पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून नुसत्या चमकेवर निदान होत नाही.

व्हायवात मॅडम विचारतील, "हा सिग्नल खरा कशावरून?" तेव्हा सुंदर फोटो नंतर, रिकाम्या स्लाइडचा आधी पुढे कर.