कुलपापाशी खोळंबा

संगणकाच्या मूळ कारभारी आज्ञावलीस कर्नेल म्हणतात. यंत्रातील सर्व प्रोसेसर याच कर्नेलच्या नोंदी वाचतात व बदलतात. दोघांनी एकच नोंद एकाच क्षणी बदलली, तर ती बिघडावयाची. म्हणून नोंदीस कुलूप असते. एकाने काम उरकेपर्यंत इतरांनी थांबावे, असा दंडक. लिनक्स या कर्नेलमध्ये १९९६ साली अनेक प्रोसेसर चालविण्याची सोय झाली, तेव्हा साऱ्या कर्नेलला मिळून एकच मोठे कुलूप होते. ते २०११ साली पूर्णपणे नाहीसे झाले.

फाइल उघडण्याचेच काम पाहू. फाइलीचा पत्ता बहुधा मूळ फोल्डरपासून सुरू होतो आणि वाटेतील प्रत्येक नाव कर्नेल आपल्या स्मृतीतील नामसूचीत शोधतो. पूर्वी या अवघ्या सूचीला एकच कुलूप असे. २००३ च्या २.६ या आवृत्तीपर्यंत शोधापुरते प्रत्येक नोंदीचे स्वतंत्र कुलूप आले. तरीही मूळ फोल्डरची नोंद सर्वांच्याच वाटेवर. तेथे गर्दी व्हावयाचीच.

वस्तुतः हे सारे केवळ वाचणारे. त्यांच्यात तंटा असण्याचे कारणच नाही. परंतु कुलूप लावणे म्हणजे स्मृतीत काही लिहिणे होय, आणि नोंद वापरात असल्याचा आकडा वाढविणे हेही लिहिणेच. एका प्रोसेसरने लिहिले, की त्या जागेची इतरांजवळील प्रत निरुपयोगी ठरते व ती पुन्हा मागवावी लागते. वेळ जातो तो येथे.

निक पिगिन यांच्या कामातून मार्च २०११ मध्ये, २.६.३८ या आवृत्तीत, न लिहिता वाचण्याची रीत आली. प्रत्येक नोंदीस एक क्रमांक असतो. बदल करणारा तो आरंभी एकाने वाढवून विषम करतो व शेवटी पुन्हा एकाने वाढवून सम करतो. वाचणाऱ्याने क्रमांक पाहावा, नोंद वाचावी आणि क्रमांक पुन्हा पाहावा. तो तोच सम क्रमांक असेल, तर वाचलेले खरे. नसेल, तर ते टाकून द्यावे व गरज पडल्यास जुन्या, कुलपाच्या रीतीने जावे. काढून टाकलेल्या नोंदीची जागाही, तिच्याकडे पाहत असण्याचा संभव असलेले सर्व वाचक दूर होईपर्यंत, मोकळी केली जात नाही. ही दक्षता नसती, तर सारी युक्ती धोक्याचीच ठरली असती.

पत्त्यातील शेवटच्या नोंदीवर मात्र आकडा वाढवावाच लागतो, कारण फाइल उघडी राहावयाची असते. एकच फाइल सर्व प्रोसेसर वारंवार उघडू लागले, तर तेथे अजूनही दाटी होते.