वस्तीवर जाण्याआधी



हिवाळा आला की सातारा-सांगलीकडच्या महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे सुरू होतात. आपल्या मंडळ्यांतील मुलेमुलीही त्यांत असतात. कुठे कातकरी वस्तीवर, कुठे पारधी वस्तीवर सर्वेक्षण ठेवले जाते. पण बरीच कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर नाहीतर कोळशाच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. महाविद्यालयाला सवड असते नेमकी तेव्हाच वस्ती रिकामी असते. मग अहवालात ‘प्रतिसाद अल्प’ असे लिहिले जाते!

पारधी वस्तीवर कागद-पेन पाहूनच माणसे गप्प होतात, त्याला कारण आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे पारध्यांनाही तो लागू झाला. नाव नोंदवणे, बोटांचे ठसे, रोजची हजेरी यांत पिढ्या गेल्या. कायदा १९५२ साली रद्द झाला. ज्या वसाहतींत या जमातींना ठेवत, त्यांतल्या काहींचा कारभार मिशनरी संस्थांकडे होता. मुक्तिफौज त्यांपैकी एक. हे आपण मिशनच्या माणसांनी विसरू नये.

मग रीत कोणती धरावी? गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने ती घालून दिली आहे. तिथे अभ्यासगट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचे जाणकार येऊन बसतात, बोलतात, वाद घालतात. निर्णय मात्र गावच घेते, तोही सर्वांच्या सहमतीने. याच गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बाहेरच्या विद्येला गावाने दार बंद केले नाही, फक्त तिची जागा ठरवून दिली. २०१० साली नामिबियातील काही सान पुरुषांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, पण समाजाच्या पुढाऱ्यांना कोणी विचारले नव्हते. २०१७ साली सान लोकांनी संशोधकांसाठी स्वतःचीच आचारसंहिता लिहिली.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र नाही, त्यामुळे पेसा कायदा इथे लागू होत नाही. मोठ्या गावाच्या ग्रामसभेत पाच-पंचवीस झोपड्यांचा आवाज कितीसा पोचणार? म्हणून प्राध्यापकांनी आपणहून विचारायला हवे, तेही शिबिराची तारीख ठरण्याआधी, पावसाळ्यात, सगळे घरी असताना. जाणत्या बाया-बाप्यांपुढे बसून ‘आम्ही यावे का, आणि कशासाठी?’ एवढेच विचारावे. ‘नको’ म्हणाले तर परत यावे.

पैशाचेही बोलू. महाविद्यालयात पाहुणे व्याख्याते येतात, त्यांना मानधन मिळते. रानभाज्या, मासे, औषधी मुळ्या यांची माहिती सांगायला एखादी आजी दिवसभर बसते, तिची त्या दिवसाची मजुरी बुडते आणि तिच्या हाती बिस्किटाचा पुडा ठेवला जातो. हे मला पटत नाही. तीही व्याख्यातीच आहे. अहवाल तयार झाल्यावर तो वस्तीवर मोठ्याने वाचून दाखवावा, आणि त्यातले जे त्यांना नको असेल ते खोडावे.

मंडळीत चर्चेसाठी: आपल्या ओळखीच्या महाविद्यालयाने गेल्या शिबिराचा अहवाल वस्तीला दाखवला का? आपण वाटलेल्या घोंगड्यांचे फोटो छापताना कोणाची परवानगी घेतली होती?