गेटवरच्या फळ्यावर अर्धाच कायदा

गणपतीला कोकणात गेलेला पेंट शॉपमधला एक कामगार रजा संपून नऊ दिवस झाले तरी आला नाही. प्लँट हेड मला गेटवरच्या फळ्यापाशी घेऊन गेले. कामाच्या अटी ठरवणारे प्रमाणित स्थायी आदेश तिथंच लावलेले असतात. मंजूर रजेनंतर आठ दिवसांत हजर न झाल्यास नोकरीवरचा हक्क जातो, या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "स्पष्ट लिहिलंय. मस्टरवरून नाव काढा." मी कार्मिक विभागात होतो, 'आधी नोटीस काढू' म्हणालो, ते त्यांना वेळकाढूपणाचं वाटलं. पुढच्या आठवड्यात तो डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आला, तर वॉचमननं आत सोडलं नाही. प्रकरण कामगार न्यायालयात गेलं.

आमच्या वकिलांनी फाइल उघडायच्या आधी एवढंच विचारलं, "त्याचं म्हणणं ऐकलंत का?" आणि सर्वोच्च न्यायालयाचा १९९३चा डी. के. यादव निकाल समोर ठेवला. त्यातही आठ दिवसांचंच कलम होतं. पण नोटीस आणि चौकशीशिवाय ते वापरता येणार नाही, असं ठरलं आणि कामगाराला निम्म्या मागील पगारासह कामावर घ्यायला लावलं. आम्ही तडजोड करून मोकळे झालो. प्लँट हेड मात्र शेवटपर्यंत म्हणत होते, "पण लिहिलं तर होतं!"

लिहिलं होतंच. पण फळ्यावर असतं तेवढाच कायदा नसतो. कामगार हा विषय समवर्ती सूचीतला. केंद्र कायदे करतं, राज्यही करतं. आपल्याकडे अनुचित कामगार प्रथांवर राज्याचा १९७१चा वेगळा कायदा आहे, त्याची तक्रार वेगळी चालते. शिवाय युनियनशी झालेला करार, नेमणूकपत्र आणि या सगळ्यांचा अर्थ लावणारे निकाल.

नव्या मॅनेजरला सगळ्यात जास्त फसवते ती वहिवाट. ती कुठंच लिहिलेली नसते. वर्षानुवर्षं रात्रपाळीला मिळणारा नाश्ता खर्च कमी करायचा म्हणून एका सर्क्युलरनं बंद करायला जाल, तर रूढ सवलत काढून घेण्याआधी २१ दिवसांची नोटीस लागते, हे युनियनच तुम्हाला सांगेल. म्हणून बदलीवर नवीन ठिकाणी गेलात की जुने करार वाचाच, पण टाइम ऑफिसमधल्या सर्वांत जुन्या कारकुनाशी चहाही घ्या.

२१ नोव्हेंबर २०२५ला नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि स्थायी आदेशांची अट तीनशे कामगारांवर गेली. लहान कारखान्यांतल्या काहींना हायसं वाटलं. मला त्यात फारसं सुख दिसत नाही, कारण यादव निकाल संविधानाच्या कलम १४ आणि २१वर उभा आहे. तिथं कामगारांची संख्या मोजत नाहीत.

तेव्हा गैरहजर माणसाचं नाव काढण्याआधी त्याला समजेल अशा मराठीत नोटीस लिहा. ती खोलीच्या पत्त्यावर पाठवा आणि गावच्या पत्त्यावरही. रजेच्या अर्जावर तो बहुतेकदा लिहिलेला असतो.