पाड्यावर तपासणीला निघण्याआधी

पोरी, बाळाची हालचाल तपासताना विचारायची रीत घराप्रमाणे बदल. वयाची रेघ मात्र कुणासाठीही हलवू नकोस.

तुझ्या पिशवीत त्रिवेंद्रमचा तक्ता आहे, दोन वर्षांपर्यंतच्या 17 बाबींचा. बाळाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची; तिच्या डावीकडे ज्या ज्या बाबीची पट्टी संपली, ती बाळाला यायलाच हवी. त्यात फर्निचर धरून उभं राहणं आहे. कुडाच्या घरात फर्निचर कुठलं? मेढीला नाहीतर आईच्या गुडघ्याला धरून उभं राहतं का बघ. जिन्याऐवजी ओट्याची पायरी चालेल. बाहुली कधी न पाहिलेल्या मुलाला बाहुलीच्या अवयवांऐवजी आईचं नाक दाखवायला सांग. चिमटीत उचलायला चुरमुरा दे, पण तो तोंडात जाण्याआधी तुझी नजर तिथे हवी. घंटी नसेल तर वाटी-चमचा नजरेआड वाजव. दिसला की बाळ बघून वळतं आणि कानाची परीक्षा राहून जाते.

वय तोंडी विचारू नकोस, माता-बाल संरक्षण कार्डावरून घे. दोन महिने आधी जन्मलेलं बाळ पाच महिन्यांचं झालं असेल, तर तपासताना तीनचं धर. दोन वर्षांपर्यंत हा हिशोब सोडायचा नाही.

तीन ते पाच महिन्यांचा काळ फार मोलाचा. या वयात निरोगी बाळ जागं असताना मान, धड, मनगटं, घोटे यांची चहूबाजूंनी बारीक चुळबुळ करतं. ग्राझच्या डॉ. प्रेख्टल यांनी ही चुळबुळ वाचण्याची पद्धत घालून दिली. ती अजिबात दिसली नाही, तर सेरेब्रल पाल्सीचा धोका मोठा. त्यासाठी मोबाइलवर तीन-चार मिनिटांचं चित्रण पुरतं. झोळीतून काढून बाळाला गोधडीवर उताणं ठेव, दुपटं सोड, हातपाय उघडे असू देत. खुळखुळा बाजूला, आईनेही वाकून बोलायचं नाही. आंघोळ-शेकानंतर बाळ पेंगतं, म्हणून आधीच जा. रडायला लागलं की थांब, रडण्यात ती चुळबुळ दिसत नाही. आईला विचारूनच चित्रण कर आणि ते शिकलेल्या डोळ्यांनाच दाखव. कुठल्याही ग्रुपवर टाकायचं नाही. निकाल तू द्यायचा नाहीस.

वर्षाच्या आत बाळ एकाच हाताने सगळं घेत असेल, तर घरात कौतुक होतं, डावखुरं होणार म्हणून. तिथे दुसरा हात नीट बघ. तीन महिन्यांनंतरही मूठ आवळलेली, अंगठा आत, पाय कात्रीसारखे ताठ, हेही टिपून ठेव. नुसतं रांगलं नाही म्हणून घाबरवू नकोस, काही धडधाकट मुलं रांगतच नाहीत. पण 18 महिने उलटूनही एकटं चालत नसेल, तर 'बापही उशिरा चालला होता' हे आजीचं म्हणणं मान देऊन ऐक आणि चिठ्ठी लिहीच.

दारात आजाराचं नाव घेऊ नकोस. 'डॉक्टरांना एकदा दाखवू' एवढंच म्हण. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्या पालघरातच सुरू झाला. त्यातली जिल्ह्याची शीघ्र हस्तक्षेप केंद्रं याच कामासाठी आहेत. चिठ्ठी देऊन मोकळी होऊ नकोस. मजुरी बुडते, एसटी चुकते, माणसं परत फिरतात. पहिल्या खेपेला आईबरोबर जा, आणि पुढची तारीख कार्डावर तिच्यासमोर लिहून घे.