गळाच्या काठीवरील कड्यांची मांडणी

मासे धरण्याची लांब काठी हाताने तयार करताना तिच्यावर लहानमोठ्या कड्या बसवाव्या लागतात. मुठीजवळच्या रिळावरून सुटलेली दोरी या कड्यांतून ओवून टोकापर्यंत नेलेली असते. कडी म्हणजे दोरी अडकवून ठेवण्याचे एक साधन, एवढाच पुष्कळांचा समज असतो. वास्तविक मासा ओढू लागला म्हणजे दोरीतील ताण काठीच्या सर्वांगावर वाटला जातो तो या कड्यांमुळेच. कड्या चुकीच्या जागी बसल्या, तर उत्तम काठीही ऐन वेळी दगा देते.

काठी वाकते, परंतु ताणलेली दोरी दोन कड्यांच्या दरम्यान सरळच राहते. काठीचा वाक हा वर्तुळाचा कंस मानला, तर दोरी ही त्या कंसातील जीवांची मालिका होय. प्रत्येक कडीपाशी दोरी थोडी वळते व त्या वळणामुळे कडी काठीवर दाब देते. समजा, दोरीत २ किलोग्रॅम वजनाइतका ताण आहे आणि एका कडीपाशी ती ३०° वळते. त्या कडीवर सुमारे १ किलोग्रॅम वजनाचा दाब येईल. तेच वळण तीन कड्यांत सारखे वाटले, तर प्रत्येकीवर केवळ सुमारे ३५० ग्रॅम येतील. घर्षण येथे हिशेबात धरलेले नाही.

मग कड्या भरपूर बसवाव्यात, असे कोणी म्हणेल. येथे दुसरी अडचण उभी राहते. टोकाजवळ वाढलेले थोडेसे वजनही काठीला मंद करते. फेकीनंतर तिची थरथर लवकर शमत नाही. म्हणून जितके फूट लांबी तितक्या कड्या आणि वर एक, असा एक ढोबळ आडाखा कारागीर वापरतात. टोक बारीक असून अधिक वाकते, म्हणून तेथे कड्या जवळजवळ असाव्यात. टोकाच्या कडीपासून पहिले अंतर बहुधा १० सेंटिमीटरच्या आसपास ठेवतात व मुठीकडे येताना प्रत्येक अंतर वाढवीत नेतात.

अंतरांची छापील कोष्टके मिळतात. त्यांनी आरंभ करावा, पण त्यांच्यावर विसंबू नये. एकोणिसाव्या शतकात अशा काठ्यांसाठी ‘कलकत्ता वेत’ या नावाने ओळखला जाणारा भारतीय बांबू परदेशी जात असे. बांबूचे दोन तुकडे कधी सारखे वाकत नाहीत. आजच्या कार्बन-तंतूंच्या काठ्या अधिक एकसारख्या असल्या, तरी प्रत्येक नमुन्याचा निमुळतेपणा निराळाच असतो.

यास्तव काठीलाच विचारावे. कड्या बारीक रबरी वळ्यांनी तात्पुरत्या बांधाव्यात, दोरी ओवून तिचे टोक जमिनीलगत अडकवावे व काठी हळूहळू वाकवावी. दुसऱ्या माणसाने बाजूने पाहावे. जेथे दोरी एकाच कडीपाशी तीव्र कोन करते, किंवा काठीच्या वाकापासून फार दूर जाते, तेथे कडी सरकवावी. कड्या काठीच्या वरच्या अंगास असतील, तर दोरी काठीला घासत नाही ना, हेही तपासावे. या वेळी मूठ अगदी उभी धरू नये. तसे केल्यास सारा वाक टोकाच्या बारीक भागात एकवटून काठी तुटण्याचा संभव असतो.

ज्या रिळाचे गुंडाळे स्थिर असते, त्यावरून दोरी मोठमोठे वेढे घेत सुटते. अशा काठीवर मुठीकडची पहिली कडी मोठी व उंच घेतात आणि पुढच्या कड्या क्रमाने लहान करीत नेतात. नरसाळ्यातून धार बारीक व्हावी, तसे ते वेढे निवत जातात. ही कडी रिळाच्या फार जवळ आली, तर वेढे तीवर आपटतात व फेक आखूड पडते. तिची जागा मात्र दाबाच्या चाचणीने ठरत नाही. काठी मोकळ्या मैदानात नेऊन, दोरीला वजन बांधून, अनेकदा फेकूनच ती ठरवावी लागते.

जागा पक्क्या झाल्या की कड्यांचे पाय दोऱ्याने घट्ट गुंडाळून त्यांवर इपॉक्सी राळ लावतात. राळ घट्ट होईपर्यंत काठी आडवी धरून सावकाश फिरवत ठेवावी. नाहीतर राळ ओघळून एका बाजूस साचते.