आर्सेनेट खनिजे आणि वाघोलीचा निळा दगड

आर्सेनिक हे नाव आपल्याकडे इंग्रजी पुस्तकांतून आले असले, तरी ते मूलद्रव्य मराठी माणसाला नवे नाही. जुन्या पोथ्यांत चुकलेल्या अक्षरांवर पिवळा हरताळ लावून ती झाकीत असत, आणि त्यावरूनच ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. तांबडी मनशीळ वैद्यांना व रंगाऱ्यांना ठाऊक होती. सोमलाचे नाव तर रसायनशास्त्राचे पुस्तक कधी न उघडलेल्यांनीही विषप्रयोगाच्या गोष्टींत ऐकलेले असते. या तिन्ही पदार्थांत आर्सेनिक आहे. पण खनिजशास्त्रात हे तिघे एका घरात राहत नाहीत. हरताळ आणि मनशीळ ही आर्सेनिक व गंधक यांची संयुगे, म्हणून त्यांची जागा सल्फाइड वर्गात. सोमल हे आर्सेनिक व ऑक्सिजन यांचे साधे संयुग, म्हणून तो ऑक्साइड वर्गात. याखेरीज आर्सेनिकाची आणखी एक मोठी शाखा आहे, ती आर्सेनेट खनिजांची. तिला आपल्या भाषेत वेगळे नाव नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. ही खनिजे आपल्या मुलखात कोणाच्या हाती लागलीच नाहीत.

प्रस्तुत लेखात या दुर्मिळ गटाचे गुणधर्म पाहावयाचे आहेत. परंतु माझा खरा रोख वर्गीकरणावर आहे. खनिज कोणत्या खणात ठेवावयाचे हा प्रश्न वरवर कारकुनी वाटतो. तो तसा नाही, हे माझ्या ध्यानात आले ते आमच्या भूगोल विभागाच्या कपाटापाशी. त्याची हकीकत पुढे येईलच.

आर्सेनेटमध्ये आर्सेनिकाचा एक अणू मध्ये असतो आणि त्याच्या चार बाजूंस ऑक्सिजनचे चार अणू असतात. हे चार बिंदू जोडले की चतुष्फलक तयार होतो. चहाच्या कागदी पुड्या पूर्वी चौकोनी न बांधता त्रिकोणी बांधीत, तो आकार डोळ्यांपुढे आणावा. या चतुष्फलकावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे लोह, शिसे, जस्त, कोबाल्ट, निकेल असा एखादा धातू त्याच्याशी जोडला जातो. धातू बदलला की रूप पार बदलते. कोबाल्टचे आर्सेनेट एरिथ्राइट जांभळट गुलाबी, निकेलचे ॲनाबर्गाइट पोपटी, लोहाचे स्कोरोडाइट हिरवट किंवा निळसर. यांपैकी बहुतेक खनिजे मऊ असतात. मोसच्या मापक्रमावर त्यांची कठिनता पुष्कळदा चाराच्या आतबाहेर भरते. शिसे असेल तर खनिज फार जड लागते. मिमेटाइट या शिशाच्या आर्सेनेटाचे विशिष्ट गुरुत्व ७ च्या वर आहे, म्हणजे आपल्या साध्या काळ्या दगडाच्या दुपटीहून अधिक. कोळशावर तापवले असता आर्सेनेटाला लसणासारखा वास येतो, अशी जुनी परीक्षा पुस्तकांतून दिलेली असते. ती वाचून सोडून द्यावी. कोणी करून पाहू नये. तो धूर विषारी असतो.

आता वर्गीकरण. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच स्फटिकशास्त्रज्ञ आयुई यांचे मत प्रमाण मानले जाई : प्रत्येक पदार्थाची स्फटिकाकृती त्याची स्वतःची, दुसऱ्या पदार्थाची तीच असणार नाही. १८१९ मध्ये बर्लिनमध्ये आयलहार्ट मिचरलिख हा तरुण रसायनशास्त्रज्ञ पोटॅशियमच्या फॉस्फेटचे आणि आर्सेनेटचे स्फटिक तपासत होता. एकात फॉस्फरस, दुसऱ्यात आर्सेनिक. पण आकृती दोहोंची सारखीच. त्याने कोन मोजले, तरी निष्कर्ष बदलला नाही. यालाच पुढे समरूपता म्हणू लागले. फॉस्फरसाच्या जागी आर्सेनिक बसले तरी स्फटिकाची इमारत ढळत नाही, कारण दोघांचेही चतुष्फलक जवळजवळ एकाच मापाचे. पाच संयुजेचे व्हॅनेडियमही याच पद्धतीने चार ऑक्सिजन घेऊन बसते. शिशाची तीन खनिजे शेजारी शेजारी ठेवली की हे स्पष्ट दिसते : पायरोमॉर्फाइटमध्ये फॉस्फेट, मिमेटाइटमध्ये आर्सेनेट, व्हॅनेडिनाइटमध्ये व्हॅनेडेट. तिन्ही षट्कोनी, तिन्ही जड. मिमेटाइट हे नावच मुळी ‘नकल्या’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून दिलेले आहे. म्हणूनच आज प्रचलित असलेल्या श्ट्रुन्ट्सच्या पद्धतीत फॉस्फेट, आर्सेनेट आणि व्हॅनेडेट मिळून एकच आठवा वर्ग केला आहे. या पद्धतीत धातूला दुय्यम स्थान मिळते व ऋणभारित गटाला पहिले. आपल्या हजेरीपटात जशी नावे आडनावाप्रमाणे लागतात, तसेच हे. धातू हे खनिजाचे पाळण्यातले नाव. आर्सेनेट, सिलिकेट, सल्फाइड ही आडनावे.

ही समरूपता केवळ स्फटिकांपुरती राहिली असती तर बरे झाले असते. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशी अन्नातून मिळालेली ऊर्जा फॉस्फेटांच्या साखळीत साठवते. आर्सेनेट तेथे पोचले की पेशी फसते आणि फॉस्फेटाच्या जागी त्याला घेते. आकार तोच, भार तोच, दारावर अडवणार कोण? पण आर्सेनेटाचा तो बंध पाण्यात टिकत नाही, क्षणात तुटतो, आणि ऊर्जा साठण्याऐवजी वाया जाते. आर्सेनाइट या त्याच्या दुसऱ्या रूपाची तऱ्हा निराळी. ते प्रथिनांतील गंधकाला चिकटून त्यांचे काम बंद पाडते. विहिरींच्या पाण्यात ही दोन्ही रूपे आढळतात. १९८३ मध्ये कलकत्त्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी पश्चिम बंगालच्या खेड्यांतून आलेल्या रुग्णांच्या अंगावरचे डाग आणि तळहातांवरचे खरखरीत चामखीळ पाहून हा आर्सेनिकाचा विकार असल्याचे ओळखले. ते पाणी नलिकाकूपांचे होते. तलावांतील दूषित पाण्यापासून सुटका व्हावी म्हणून लोकांनी ज्या नळांचा आश्रय घेतला, त्यांच्यातूनच हे विष आले. आपल्या अधिक जवळचे उदाहरण म्हणजे गडचिरोलीच्या सीमेला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागातील कौडीकसा हे गाव. तेथील भूजलातील आर्सेनिकाविषयीचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आर्सेनिक ही मर्यादा आज आपल्याकडे मानली जाते. इतक्या थोड्या प्रमाणाला रंग नाही, वास नाही, चव नाही.

मग आपल्या उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर पट्ट्यातील खडकात हे का नाही? या प्रश्नाचे उत्तर मला फार आवडले, कारण ते पायाखालच्या दगडातच आहे. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी झाकला आहे. मलंगगड आणि चंदेरीचे सुळके त्याच बेसाल्टचे. शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवमंदिर त्याच काळ्या दगडात घडवलेले. बेसाल्टमध्ये आर्सेनिक फारच थोडे असते, सर्वसाधारणपणे दशलक्ष भागांत एक-दोन भाग. आर्सेनेट खनिजे तयार होण्यासाठी आधी आर्सेनिकयुक्त सल्फाइडांची धातुके लागतात. ती जमिनीजवळ हवा-पाण्याने कुजली की त्यांच्यापासून आर्सेनेटे बनतात. नामिबियातील त्सुमेबच्या खाणीत असेच झाले, म्हणून ती खाण या गटाच्या अभ्यासकांची पंढरी ठरली. आपल्याकडे तशी धातुके नाहीत, म्हणून आर्सेनेटे नाहीत. मात्र हे खडकाविषयी झाले. कारखान्याच्या नाल्यात काय वाहते त्याची हमी बेसाल्ट घेत नाही. ते पाणी वेगळे तपासावे लागते.

व्हॅनेडियमचा हिशेब अगदी उलटा आहे. बेसाल्टमध्ये ते दशलक्ष भागांत दोन-तीनशे भागांपर्यंत असते, म्हणजे आर्सेनिकाच्या शंभरपट. तेव्हा आठव्या वर्गातले काही आपल्या दगडात सापडायचे असेल, तर ते व्हॅनेडेट असावे, असा अंदाज कोणीही करील. येथेच आमच्या कपाटाची हकीकत सुरू होते.

विभागातील नमुने धातूंप्रमाणे मांडलेले आहेत : लोखंड, मँगनीज, ॲल्युमिनियम, तांबे. आर्थिक भूगोलाला ही मांडणी सोयीची, कारण तेथे खनिजापासून काय मिळते याला महत्त्व. एका माजी विद्यार्थ्याने पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणीतला एक नमुना विभागाला भेट दिला. पांढऱ्या स्टिल्बाइटच्या स्फटिकांवर गर्द निळे, मोगऱ्याच्या कळीएवढे गोल झुबके. पाहणाऱ्याला प्रथम मोरचूदच वाटावे. परंतु हे पाण्यात विरघळत नाही. हा कॅव्हॅन्साइट. आता तो कोठे ठेवावा? रंगावरून एकाने तांब्याचा खण सुचवला. तो तर बाद झाला. दुसऱ्याचे म्हणणे, व्हॅनेडियमसाठी नवा खण करावा. तिसऱ्याने आठव्या वर्गाचे नाव घेतले : व्हॅनेडियम आहे, ऑक्सिजन आहे, मग हे व्हॅनेडेटच, आर्सेनेटांचे चुलत भावंड! या तिसऱ्या मताला बराच पाठिंबा मिळाला, आणि सरांनी निर्णय माझ्याकडे सोपवला.

कॅव्हॅन्साइट हे नाव कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांच्या आद्याक्षरांतून बनवलेले आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात सापडलेल्या नमुन्यांवरून स्टेपल्स, एव्हान्स आणि लिंडसे यांनी १९७३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तिकडचे स्फटिक अगदी बारीक. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वाघोलीला जे मिळाले, त्याने जगभरच्या संग्रहालयांची कपाटे भरली. खनिज ठिसूळ, कठिनता ३ ते ४, विशिष्ट गुरुत्व २.३ च्या आसपास, म्हणजे हलके. ज्या बेसाल्टमध्ये ते सापडते त्याहूनही हलके.

नावातच उत्तराचा धागा आहे, पण पुरावा रचनेत आहे. कॅव्हॅन्साइटमध्ये सिलिकॉनचे चतुष्फलक कोपऱ्याला कोपरा जोडून चटईसारखे पदर विणतात. व्हॅनेडियम या चटयांच्या मधे बसते, कॅल्शियम आणि पाण्याचे रेणूही तेथेच. शिवाय हे व्हॅनेडियम पाच संयुजेचे नाही, चार संयुजेचे आहे. त्याच्याभोवती ऑक्सिजन चार नसून पाच आहेत आणि त्यांचा आकार चौकोनी पायाच्या मनोऱ्यासारखा. एक ऑक्सिजन त्याच्या फारच जवळ. मिचरलिखच्या त्या चतुष्फलकाचे येथे नावही नाही. या व्हॅनेडियमच्या जागी आर्सेनेटातले आर्सेनिक बसवता येणार नाही. म्हणजे येथे व्हॅनेडियम हे आडनाव नव्हे, पाळण्यातले नाव आहे. आडनाव सिलिकेट. गर्द निळा रंग हीसुद्धा त्याच चार संयुजेच्या व्हॅनेडियमची देणगी. व्हॅनेडिनाइट त्याच धातूचे असून तांबूस नारिंगी असते. तेव्हा हे खनिज नवव्या वर्गात, सिलिकेटांत, पदरी रचनेच्या गटात गेले पाहिजे.

सरांनी एक शंका काढली. रासायनिक घटक आणि ऋणभारित गट एवढे पुरे असेल, तर रचना कशाला हवी? त्याचे उत्तरही वाघोलीनेच दिले आहे. पेंटागोनाइट हे दुसरे निळे खनिज ऑरेगनप्रमाणे तेथेही सापडले. त्याचे घटक कॅव्हॅन्साइटचेच, प्रमाणही तेच, पाणीही तेवढेच. रासायनिक पृथक्करणात दोघांत काडीचा फरक निघणार नाही. पण कॅव्हॅन्साइटच्या चटईत चार-चार आणि आठ-आठ चतुष्फलकांची कडी आहेत. पेंटागोनाइटच्या चटईत सहा-सहांची. विणकाम वेगळे म्हणून खनिज वेगळे. हा समरूपतेच्या नेमका उलटा प्रकार. याला द्विरूपता म्हणतात. पेंटागोनाइटचे स्फटिक पुष्कळदा पाच-पाच जुळून येतात आणि आडव्या छेदात पाच पाकळ्यांची चांदणी दिसते, त्यावरून त्याचे नाव पडले. तो बहुधा सुयांसारखा लांबट असतो, कॅव्हॅन्साइट गोल झुबक्यांत. तरी तुकडा लहान असेल तर क्ष-किरणांच्या चाचणीवाचून खात्री होत नाही.

आपल्याकडच्या टेकड्यांतही पोकळ्यांचा बेसाल्ट पुष्कळ आहे. कर्जत-खंडाळ्याच्या बोरघाटात लोहमार्गासाठी डोंगर फोडताना, म्हणजे १८६३ पूर्वीच, झिओलाइटांचे सुंदर स्फटिक निघाले होते. कुर्ला, मालाड, कांदिवलीच्या खाणींनी पुढे जगाला प्रेनाइट आणि ओकेनाइट दिले. बदलापूर-अंबरनाथच्या वाटेवर खडीचे ढीग दिसले तर त्यांत बदामासारख्या पांढऱ्या गाठी असलेला दगड शोधावा. खडी यंत्रातून निघण्यापूर्वी कोणी तो फोडून आत पाहील, असे फारसे घडत नाही. सापडलेल्या तुकड्याबरोबर जागा आणि तारीख लिहून ठेवावी, कारण खाण खोल गेली की तो थर पुन्हा दिसत नाही.

आमच्या नमुन्याची चिठ्ठी आता अशी आहे : कॅव्हॅन्साइट, स्टिल्बाइटवर, वाघोली, जिल्हा पुणे, वर्ग नववा, सिलिकेट. आठव्या वर्गाचा खण त्याच्याच वर केला आहे. त्यात तूर्त फॉस्फेटाचा एक तुकडा आहे, ॲपेटाइटचा. आर्सेनेटाची जागा रिकामी ठेवली आहे.